खालील गोष्टी काढून टाकल्या जातील

फेब्रुवारी लागला की आमच्या शाळेत तीन वास एकदम येतात. खोल्यांना नव्यानं मारलेल्या चुन्याचा, बाकांवर परीक्षेचे नंबर टाकायच्या रंगाचा, आणि मागच्या मोसंबीच्या बागेतून येणारा आंबे बहाराचा, म्हणजे मोसंबीच्या फुलोऱ्याचा. बहाराचा वास गोड असतो, इतका की दुपारी अकरानंतर डोकं जड होतं. पाहुणे आले की म्हणतात, काय वास आहे मॅडम, नशीबवान आहात. मला मात्र तो वास आला की राग येतो. तीन वर्षं झाली, दर फेब्रुवारीत येतो, आणि तो आवरायचा मी प्रयत्नही करत नाही.

आज सकाळी तर निमित्तच मिळालं. शहागडच्या फाट्यावर रिक्षाची वाट बघत उभी होते, समोरून उसाचे ट्रक धुरळा उडवत चालले होते, आणि मोबाइल वाजला. शाळांच्या ग्रुपवर पत्र आलं होतं. सर्व शाळांनी आपापले संगणक तातडीने अपडेट करून घ्यावेत, अडचण असल्यास कळवावे, नसल्यास निरंक अहवाल आजच दुपारी चारपर्यंत सादर करावा. पत्राखाली लगेच अंगठे उगवायला लागले. एका सरांनी तर तिथल्या तिथं लिहून टाकलं, निरंक. सकाळचे सव्वानऊ झाले होते. त्यांच्या शाळेचं कुलूप तरी उघडलं होतं का, देव जाणे.

ज्यांना सरकारी कागदांशी कधी काम पडलं नाही, अशा सुखी माणसांसाठी सांगते. निरंक म्हणजे काही नाही. वरून विचारणा येते, अमुक आहे का, तमुक झालं का, आणि खालून उत्तर जातं, निरंक. शाळेत साप निघाला का? निरंक. पाण्याची टाकी फुटली आहे का? निरंक. वर्ग गळतात का? एका जुलैत आमचे भाऊसाहेब, म्हणजे आमचे क्लार्क, टेबल ओढून कोरड्या कोपऱ्यात घेऊन गेले आणि तिथं बसून त्यांनी त्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं. निरंकच लिहिलं. मी विचारलं तर म्हणाले, "गळतंय म्हणून लिहिलं की फोटो मागतात मॅडम. मंग फोटो बराबर आला न्हाई म्हणून परत मागतात. निरंक लिहिलं की बिलकुल कुणी विचारत न्हाई." त्यांच्या संगणकात निरंक नावाची एक फाइलच तयार आहे. तारीख बदलायची, विषय बदलायचा आणि पाठवायचं.

तीन वर्षांपूर्वी मीही यावर हसत होते. ते आधी कबूल करते, मग पुढचं सांगते.

मी या शाळेत बावीस वर्षं गणित शिकवते. संगणक माझ्या गळ्यात पडला, कारण एका प्रशिक्षणाला जायला कुणी तयार नव्हतं आणि मी त्या दिवशी रजेवर होते. रजेवर असलेल्या माणसाचं नाव सगळ्यांत आधी सुचतं. परत आले तर मी संगणक विभागप्रमुख झाले होते. विभाग म्हणजे एक खोली आणि दहा संगणक. कुठल्याशा कंपनीनं जुने झाले म्हणून दान दिलेले. त्यांना मी माझ्या जुन्या साड्यांच्या खोळी शिवल्या. खिडकीतून बागेतली माती येते, हायवेवरच्या ट्रकचा भोंगा येतो, आणि लाइट मात्र मनात आलं तर येते.

या संगणकांवर विकतची नाही, फुकट मिळणारी प्रणाली आहे. तिची रीत अशी की प्रत्येक कामाचं एक वेगळं पाकीट असतं. त्याला पॅकेज म्हणतात. एक चित्रं दाखवतं, एक कागद छापतं, एक मराठी अक्षरं उमटवतं. आणि यातलं कुणीही एकट्यानं उभं राहत नाही. याला त्याची गरज, त्याला तिसऱ्याची. त्यातही याला तो जुना चालतो आणि त्याला तो नवाच लागतो. हे समजलं तेव्हा मला फार नवल वाटलं नाही. स्टाफरूममध्ये बावीस वर्षं काढलेल्या बाईला त्यात नवल काय वाटायचं?

त्या दहांतल्या खिडकीजवळच्या संगणकात एक आवाज होता. मराठी वाचून दाखवणारा. पुरुषी, सपाट, एसटी स्टँडवरच्या घोषणेसारखा. कुणा अनोळखी माणसानं तो बनवला होता आणि ज्याला हवा त्यानं घ्यावा म्हणून ठेवून दिला होता. मी तो प्रज्ञासाठी टाकला. ती तेव्हा सातवीत होती. टाकताना दहाही मशीनवर टाकला, कुठली कधी बंद पडेल याचा भरवसा नव्हता म्हणून.

प्रज्ञाला जन्मापासून दिसत नाही. तिचे बाबा गवंडी आहेत, सकाळी कामावर जाता जाता मोटारसायकलवरून तिला शाळेत सोडायचे. पाठीवर दप्तर, हातात काठी, आणि तोंड अखंड चालू. दोन महिन्यांत ती दहा बोटांनी मराठी टाइप करायला लागली. एक अक्षर दाबलं की तो आवाज ते अक्षर बोलायचा, शब्द संपला की शब्द बोलायचा. तिनं त्याचा वेग वाढवत वाढवत इतका नेला की आम्हाला नुसती खरखर ऐकू यायची. तिला सगळं कळायचं. भाऊसाहेब एकदा कान लावून ऐकायला गेले आणि घाबरून मागं सरले. ती किती हसली होती त्या दिवशी.

सातवीपर्यंत तिचे पेपर लेखनिक लिहायची. म्हणजे खालच्या वर्गातली एखादी मुलगी शेजारी बसते, ही सांगते, ती लिहिते. तो नियम चांगलाच आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण प्रज्ञा म्हणायची, "मी एक सांगते आन् ती तिच्या मनानं दुसरंच लिहिते. मी म्हणलं 'विलक्षण', तर ती म्हणली, ताई ते लई अवघड जातंय, 'छान' लिहू का?" आठवी-नववीचे पेपर मग तिनं आमच्याच खोलीत, त्या खिडकीजवळच्या संगणकावर दिले. दहावीत आली तेव्हा तिचं एकच मागणं होतं. बोर्डाचा पेपर मला माझ्या हातानं लिहायचा. तशी सोय कागदोपत्री आहे. शाळेनं वेळेत कळवायचं, केंद्रावर संगणक न्यायचा, बस्स. एवढंच होतं. तिनं काही चंद्र मागितला नव्हता.

आणि त्या फेब्रुवारीत वरून पत्र आलं. परीक्षांसाठी म्हणून एक नवं ॲप दहाही संगणकांवर टाकायचं, त्यासाठी सगळी प्रणाली अपडेट करायची, एकही मशीन मागं राहता कामा नये. लाइट दहा ते दोन. मी आणि भाऊसाहेब खोळी काढून कामाला लागलो. बहाराचा वास येत होता, मधमाश्या खिडकीच्या जाळीवर आपटत होत्या. पहिल्या मशीनवर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी मजकूर आला. त्याचा अर्थ असा, की खालील पॅकेजेस काढून टाकली जातील. त्याखाली वीसपंचवीस नावं. त्याखाली प्रश्न, पुढं जायचं का? होय किंवा नाही.

"दाबा मॅडम, लाइट जाईन," भाऊसाहेब म्हणाले.

मी होय दाबलं. दुसऱ्या मशीनवर दाबलं. तिसऱ्यावर तर यादी पूर्ण यायच्या आधी बोट होयवर ठेवलं होतं. दहा मशीन, दहा वेळा होय. दीडला सगळं संपलं. आम्ही चहा मागवला आणि एकमेकांचं कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी प्रज्ञा तासाला आली, खुर्ची ओढली, हेडफोन घातले. मी फळ्यावर काहीतरी लिहीत होते. मागून तिचा आवाज आला, अगदी शांत. "मॅडम, हा बोलून न्हाई राह्यला."

तिला वाटलं हेडफोनची वायर सैल झाली. तिनं वायर चाचपली, काढली, पुसली, पुन्हा घातली. मला मात्र वायर बघायची गरज नव्हती. त्या यादीत काय काय होतं ते मी वाचलं नव्हतं, आणि वाचलं नव्हतं हे मला त्या क्षणी पक्कं आठवलं. बाकीच्या नऊ मशीन लावून बघितल्या. सगळ्या मुक्या.

मग सुरू झाला सल्ल्यांचा हंगाम. जालन्याच्या तंत्रज्ञांना फोन लावला. ऐकूनही न घेता म्हणाले, "फॉरमॅट मारा." मी म्हटलं, अहो, आवाजाचं पॅकेज नव्या ॲपला चालत नाहीये, दोघांचं भांडण आहे. "हो ना, मंग फॉरमॅट मारा." फॉरमॅट मारल्यावर पुन्हा तेच ॲप टाकावं लागेल आणि पुन्हा तेच भांडण होईल, हे मी तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "मॅडम, एका पोरीसाठी कशाला एवढं? ॲडजस्ट करून घ्या." हा शब्द ऐकला की माझं टाळकं सटकतं. ॲडजस्ट नेहमी कुणी करायचं? ज्याचं आधीच कमी आहे त्यानं. हेडफोन तिनं काढायचा, आवाज तिचा जायचा, आणि आम्ही दहाही मशीन अपडेट झाल्या म्हणून मिरवायचं. मी फोन ठेवला नाही, आपटला. मोबाइलच होता, पलंगावर पडला, म्हणून वाचला.

हेडसरांकडं गेले. आमचे हेडसर मूळचे भोकरदनकडचे, स्वभावानं मऊ, निवृत्तीला सहा महिने राहिलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि म्हणाले, "पण मॅडम, वर तर निरंक गेलंय."

"कधी गेलं?"

"काल. अकराला."

"सर, अपडेट आम्ही साडेअकराला सुरू केलं."

"असंल. चारच्या आत मागितलं होतं ना. आता अडचण आली म्हणून कळवलं तर विचारतील, निरंक कसं काय पाठवलं? खुलासा द्यावा लागंल. त्यापेक्षा लेखनिक देऊ की. हुशार पोरगी देऊ."

मी त्यांच्यावर ओरडले नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. त्यांच्या मऊपणामुळं ओरडता येत नाही, हीच तर पंचाईत. उद्धट माणसाशी भांडता येतं. सगळ्यांना सांभाळून घेणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं? त्यात तो सगळ्यांना सांभाळतो आणि नेमकी एक मुलगी राहून जाते.

त्यानंतरचे तीन दिवस मला अजून तुकड्यातुकड्यांनी आठवतात. शाळा सुटल्यावरचं ऊन, खोलीभर चुन्याचा वास, डब्यात उरलेली भाकरी आणि मिरचीचा ठेचा, आणि मशीनसमोर मी. शेजारी प्रज्ञा. तिचे बाबा सहाला यायचे, तोपर्यंत आमचा वेळ. नवं ॲप काढता येईना, कारण एकही मशीन मागं ठेवायची नाही असा हुकूम. आवाज टाकता येईना, कारण टाकायला गेलं की मशीन म्हणायची, ॲप काढा. दोघांनाही एकच सामाईक पॅकेज लागत होतं. ॲपला ते नवं हवं, आवाजाला जुनं.

इंग्रजी ओळींवर ओळी पडद्यावरून सरकत होत्या. मी एकेक वाचून दाखवत होते, खरं तर तिला बरं वाटावं म्हणून. ती ऐकत होती. डोळे मिटून, मान जरा डावीकडं. तिच्या डोक्यात गोष्टी राहतात. आपण लिहून ठेवतो आणि विसरतो, तिला ती चैन नाही. दुसऱ्या दिवशी पाचच्या सुमाराला मी वैतागून म्हटलं, हे जन्मात जमायचं नाही. तर ती म्हणाली, "मॅडम, थांबा. आता जे वाचलं ना, ते नाव मघाशी पण आल्तं. आन् काल पण आल्तं."

"कोणतं?"

"ते टायपिंगवालं."

मी वर सरकवून पाहिलं. खरंच होतं. टायपिंग शिकवायचा एक जुना खेळ, त्यात वरून फुगे पडायचे आणि अक्षर दाबलं की फुटायचे. पाचवीची पोरं खेळायची. तो खेळ अपडेटमध्ये कसा कोण जाणे टिकला होता, आणि तोच अट घालून बसला होता की सामाईक पॅकेज जुनं किंवा नवं, एकच राहील. बाकी कुणाची काही तक्रार नव्हती. जुनं आणि नवं शेजारी शेजारी सुखानं राहू शकत होते. आमच्याकडं दोन भावांचा शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून वाद असतो आणि चौकशी केली तर तिसराच कान भरणारा निघतो, तसं झालं.

"मंग त्यालाच काढा की," प्रज्ञा म्हणाली.

खेळ काढला. यावेळी यादी आली, खालील पॅकेजेस काढून टाकली जातील. मी बोटानं ओळ धरून प्रत्येक नाव मोठ्यानं वाचलं. एकच नाव होतं. मी पुन्हा वाचलं. मग तिनं विचारलं, "झालं का वाचून?" आणि तिनंच होय दाबलं. आवाज पुन्हा टाकायला, त्याच्या सेटिंग लावायला तिसरा दिवस गेला. पावणेसहाला हेडफोनमधून खरखर आली. तिनं हेडफोन काढून टाकला आणि आवाज खोलीभर सोडला. तो सपाट बाबा आपला मराठी मुळाक्षरं म्हणत होता. मी त्या तीन दिवसांत पहिल्यांदा रडले. तिला दिसलं नाही, पण कळलं.

मशीनचं मला एक मान्य करावं लागतं. ती काढायच्या आधी विचारते. कुणाला काढणार, त्याचं नाव घेते, यादी समोर ठेवते आणि थांबून राहते. आपण न वाचता होय दाबलं तर तो आपला नालायकपणा. कागदाच्या दुनियेत असं काही नाही. तिथं एक शब्द लिहिला की माणूस जातो, आणि कोण गेलं याचा कुणाला पत्ताही लागत नाही. हे मला त्याच आठवड्यात कळायचं होतं.

केंद्र आमचं नव्हतं, बारा किलोमीटरवरच्या दुसऱ्या शाळेत होतं. मशीन कधी आणायची, कुठं ठेवायची हे विचारायला मी गेले. त्या केंद्राच्या बाईंनी फाइल काढली. सोयी मागणाऱ्या मुलांची यादी बघितली. आमच्या शाळेच्या नावासमोर काहीच नव्हतं. "तुमच्याकडून तर काही आलंच नाही," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, शक्यच नाही, शाळेतून गेलंच असणार, बघा नीट. त्यांनी नीट बघितलं आणि एक कागद माझ्यासमोर सरकवला. डिसेंबरमधला. अकरा रकाने होते. सातव्या रकान्यात लिहिलं होतं, संगणकावर उत्तरपत्रिका लिहिणारे दिव्यांग विद्यार्थी. पुढं निरंक. आठव्या रकान्यात लेखनिक घेणारे विद्यार्थी. पुढं निरंक. सगळ्या अकरांपुढं एकाखाली एक निरंक.

चार वर्षं रोज त्या खोळीवरून हात फिरवून खुर्चीत बसणारी मुलगी. चार वर्षं तिची काठी व्हरांड्यात वाजते. आणि आमच्या शाळेनं लेखी कळवलं होतं की अशी कुणी नाही.

मी तापून बोलायला तोंड उघडलं. कुठल्या गाढवानं पाठवलं हे, असंच म्हणणार होते. तेवढ्यात खाली नजर गेली. संगणक विभागप्रमुख, आणि वर सही. सही माझी होती. खोटी नव्हती, कुणी मारलेली नव्हती. माझीच होती.

झालं असं होतं, की दर जूनमध्ये भाऊसाहेब पंधरावीस कागद घेऊन यायचे. कोरे, फक्त खाली पदाचा शिक्का. "सह्या करून ठेवा मॅडम, ऐन वेळी तुम्ही तासावर असता, चारची घाई असती." मी करून द्यायचे. सगळेच करायचे. खेळाचे सर, पोषण आहाराच्या बाई, सगळे. आम्ही त्याला सोय म्हणायचो. मराठवाड्यातल्या कुठल्याही शाळेत विचारा, कुणी शपथेवर नाही म्हणणार नाही. एकमेकांवरच्या विश्वासाची गोष्ट आहे म्हणे. डिसेंबरचा तो अहवाल त्यातल्याच एका कागदावर छापून गेला होता. मी तीन दिवस त्या मशीनशी भांडले, तंत्रज्ञाला शिव्या घातल्या, हेडसरांवर मनातल्या मनात ओरडले, आणि माझ्या मुलीला मी जूनमध्येच काढून टाकलं होतं. चहा पिता पिता.

मग मी जालन्याला गेले. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर. सगळीकडं एकच उत्तर, मुदत संपली. लेखनिकाचं तेवढं अजून होईल, संगणकाचं नाही. एका साहेबांनी तर समजुतीच्या सुरात सांगितलं, "तुम्हीच निरंक कळवता आणि तुम्हीच भांडायला येता, असं कसं चालेल?" माझ्या रागाचं तोंडच त्यांनी बंद केलं, आणि बरोबर बंद केलं, याचा मला जास्त राग आला.

परत आले आणि प्रज्ञाला म्हणाले, "केंद्रावर नाही जमलं गं." एवढंच. सहीचं बोलले नाही. शिक्षकानं मुलांना खरं बोलायला शिकवायचं असतं, मी ते भिंतीवर लिहूनही घेतलंय. तिचे बाबा गाडी चालू ठेवूनच उभे होते. म्हणाले, "जाऊ द्या मॅडम. तुम्ही लई केलं आमच्या पोरीसाठी." हातांना वाळलेलं सिमेंट तसंच होतं. त्या माणसानं मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी सुखानं घरी गेले असते.

मार्चमध्ये तिनं लेखनिक घेऊन पेपर दिले. आठवीतली मुलगी होती, गुणी, पण सावकाश. जास्तीचा वेळ मिळाला तरी मराठीच्या पेपरला निबंध अर्धाच लिहून झाला. प्रज्ञा बाहेर आली तेव्हा मी फाटकाजवळ उभी होते. म्हणाली, "शेवटचं पान माझ्या तोंडातच राहिलं मॅडम." तोंड अखंड चालणारी पोरगी, पण त्या दिवशी गाडीवर बसेपर्यंत गप्प होती.

निकाल लागला. पहिल्या वर्गात पास. हेडसरांनी पेढे वाटले. स्टाफरूममध्ये जो तो मला म्हणायला लागला, "झाली की पास, मंग एवढी कशाला तुमची चिडचिड?" हे वाक्य मी आयुष्यभर विसरणार नाही. जणू तिनं पास होणं हा आमच्या बाजूचा पुरावा होता. तिच्याकडून काढून घेतलं ते घेतलंच, वर तिनं पोहून दाखवलं म्हणून आम्ही सुटलो. अशी न्यायाची रीत मी गणितात कधी शिकवली नाही. तेव्हापासून मी कोऱ्या कागदावर सही करत नाही. भाऊसाहेब मला कटकटी म्हणतात. आजही मी सकाळी जाऊन आधी दहाही मशीनच्या याद्या वाचल्या, चार वाजून गेले, ग्रुपवर आमच्या शाळेचं नाव लाल रंगात आलं. येऊ दे.

पण सांगायचं ते मे महिन्याचं राहिलं.

निकालानंतर आठवड्यानं प्रज्ञा शाळेत आली. दाखला घ्यायला, असं म्हणाली. सुट्टीतली रिकामी शाळा, खिडकीबाहेर बागेत मोसंबीची हिरवी लिंबाएवढी फळं धरलेली. "मॅडम, खोली उघडता का? मला एक कागद टाइप करायचाय." मी उघडली. तिनं खुर्ची ओढली, हेडफोन घातले आणि सुरू झाली. मी शेजारच्या बाकावर जुन्या वह्या चाळत बसले. दहा बोटं सरासरा चालली होती. अर्ध्या तासानं तिनं हेडफोनची वायर उपसून बाजूला ठेवली आणि आवाजाचा वेग कमी केला. माझ्यासाठी कमी केला, हे मला नंतर कळलं.

तो सपाट आवाज वाचायला लागला. वरच्या कार्यालयाला अर्ज होता. विषय, माझी नोंद निरंक केल्याबाबत तक्रार. मी अमुक शाळेची विद्यार्थिनी. मला संगणकावर पेपर लिहिता येतो. शाळेनं कळवलं नाही. माझा निबंध अपुरा राहिला. पुढच्या वर्षी माझ्यासारख्या कुणाचं असं होऊ नये म्हणून चौकशी व्हावी. एकही शब्द चुकलेला नव्हता. मी म्हणणार होते, शाब्बास. तेवढ्यात तो आवाज त्याच संथ सुरात पुढं म्हणाला, की सदर अहवालावर आमच्या संगणक शिक्षिकेची सही आहे. आणि थांबला.

पंखा फिरत होता. मी विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"हेडसरनी बाबांना कागद दाखवला, पेपरच्या आधीच. बाबा म्हणले, मॅडमला काही बोलू नको, त्यांनी लई केलंय."

"मग तू बोलली नाहीस."

"मला वाटलं तुम्ही सांगताल."

मी वह्या खाली ठेवल्या. काय काय सांगावंसं वाटलं. जूनच्या सह्या, चारची घाई, जालन्याची टेबलं. सगळं खरं होतं आणि त्यातलं काहीच तिच्या कामाचं नव्हतं. मी एवढंच म्हणाले, "चुकलं माझं, प्रज्ञा."

"हो," ती म्हणाली. तिनं हात पुढं करून कीबोर्ड चाचपला, बोटं अक्षरांवर ठेवली. "एक ओळ राहिलीय. तुमचं नाव."

"नुसतं शिक्षिका नको लिहूस," मी म्हणाले. "नाव घाल. माझी परवानगी आहे."

"मी विचारून न्हाई राह्यले मॅडम," ती म्हणाली, आणि टाइप करायला लागली.